सोलापूरची कोजागरी तुळजापूरच्या वाटेवर

इतर गावांत कोजागरी म्हणजे गच्चीवरचं आटीव दूध. सोलापुरात त्या रात्री अर्धं गाव पायांवर असतं. गावातल्या रूपाभवानी देवीला नमस्कार करून माणसं तुळजापूरची वाट धरतात. अंतर पंचेचाळीस किलोमीटर, शेवटी बालाघाटाची चढण. नवरात्र तर संपलेलं, मग आत्ताच का निघायचं?

याचं मूळ देवीच्या झोपेत आहे. तुळजाभवानीची गंडकी शिळेची अष्टभुजा मूर्ती चल आहे, म्हणजे सिंहासनावरून हलवता येते. म्हणून तिला माणसासारखी शेजही मिळाली. वर्षात तिच्या तीन निद्रा: नवरात्राआधी घोर, दसऱ्यानंतर श्रम आणि पौषात शाकंभरी नवरात्राआधी मोह. मिळून एकवीस दिवस.

यातली श्रमनिद्रा मला सगळ्यांत लोभस वाटते. महिषासुराशी नऊ दिवस झुंजलेली आई थकणारच, असा साधा हिशेब! दसऱ्याच्या पहाटे साड्यांत लपेटून तिला पालखीत बसवतात, सीमोल्लंघन होतं, आणि मग ती पलंगावर निजते. पालखी आणि पलंग दोन्ही नगरकडून येतात, त्यांचे मान पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले. ही झोप कोजागरी पौर्णिमेच्या पहाटे मोडते आणि देवी पुन्हा सिंहासनावर येते. थकवा उतरलेल्या आईचं पहिलं दर्शन घ्यायचं, एवढ्यासाठी ही पायपीट.

वाट सोलापुरावरूनच का, याचं उत्तर भूगोलात आणि थोडं रुळांतही सापडतं. १८६० मध्ये सोलापूरला रेल्वे आली, आणि तुळजापूर मात्र १९४८ पर्यंत निजामाच्या मुलखात. आगगाडीतून उतरलेल्या भक्तानं इंग्रजी हद्द ओलांडून निजामाच्या राज्यात शिरायचं, असा तो काळ. आजही विजयपूर, कलबुर्गीकडचे लोक सोलापूरकरांत मिसळतात. कन्नड, तेलुगू, मराठी सगळ्यांचा ‘आई राजा उदो उदो’ एकच. उळे, तामलवाडी अशा गावांत चहा-फराळ हातात दिला जातो, कुणी अनोळखी पाय चेपून देतो.

शिवलाड समाजाच्या मानाच्या काठ्याही सोलापूरहूनच येतात. त्या आल्याखेरीज तुळजापूरची पौर्णिमा पुरी होत नाही.

त्या दिवसांत हा रस्ता वाहनांना बंद ठेवतात. गाडीनं जायचं असेल तर आधी चौकशी करा. त्यापेक्षा चालतच जा.