व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आणि दुरुस्तीची विद्या

यंत्रांचा इतिहास सांगताना आपण बहुधा दोनच माणसांची नावे घेतो : ज्याने शोध लावला तो, आणि ज्याने कारखाना काढला तो. तिसरा राहून जातो. यंत्र बंद पडल्यावर ते उघडून, दोष हुडकून, पुन्हा चालते करणारा कारागीर तो हा तिसरा. त्याची कथा सांगण्यासाठी मी एक लहानशी वस्तू निवडली आहे : विजेच्या गिटारचा, व्हॉल्व्हवर चालणारा जुना अ‍ॅम्प्लिफायर. कामगार चळवळीतल्या माणसाला गिटारशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. परंतु या पेटीचा वंश एका दुरुस्तीच्या दुकानातून निघाला आहे. आणि दुरुस्तीची विद्या कोणाच्या मालकीची, हा प्रश्न सर्वच कामगारांचा आहे.

प्रथम व्हॉल्व्ह म्हणजे काय ते पाहू. 1904 साली इंग्लंडमध्ये जॉन अँब्रोज फ्लेमिंग याने हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीत तापलेली तार आणि धातूची पट्टी ठेवून वीज एकाच दिशेने वाहती केली. पाण्याला एकाच बाजूने वाट देणाऱ्या झडपेवरून तिला व्हॉल्व्ह हे नाव मिळाले. पुढल्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेत ली डी फॉरेस्टने त्या दोहोंच्या मधे तारेची जाळी बसविली, आणि क्रांती झाली. शेतात दारे धरणारा माणूस खोरेभर मातीने पाटाचा सारा ओघ वळवितो, तसे जाळीवरचा क्षीण विद्युत्दाब मोठ्या प्रवाहाला हुकमात ठेवतो. गिटारच्या तारांखालच्या लोहचुंबकातून निघणारी वीज व्होल्टच्या अंशाएवढी असते. तिच्यातून सभागृह भरणारा आवाज निघतो तो या युक्तीने.

आता दुकानाकडे वळू. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाचा एक हिशेबनीस होता. मंदीच्या काळात त्याची नोकरी गेली. 1938 साली 600 डॉलर कर्ज काढून त्याने रेडिओदुरुस्तीचे दुकान थाटले. आसपासच्या वाद्यवृंदांतले गिटारवादक आपले मोडके अ‍ॅम्प्लिफायर त्याच्याकडे आणीत. या गृहस्थाला स्वतःला गिटार वाजविता येत नव्हते. पण कोणता भाग कोठे तुटतो, कोणता डाख सुटतो, हे त्याने शेकडो पेट्या उघडून पाहिले होते. 1946 मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली, तेव्हा हे ज्ञान तिच्या मालात उतरले.

त्याची पेटी मागच्या बाजूने उघडली की आत कोणता व्हॉल्व्ह कोठे बसतो याचा छापील कागद चिकटविलेला दिसतो. व्हॉल्व्ह डाखाने जखडलेले नसतात, खोबणीत बसविलेले असतात. हाताने काढावेत, नवे घालावेत. इतर भाग एका फायबरच्या पट्टीवर दोन ओळींत मांडलेले असतात आणि तारा हाताने जोडलेल्या असतात. कंपनीने नुसती विद्युत्मंडलाची आकृती काढली नाही, तर प्रत्येक भाग प्रत्यक्षात कोठे आहे याचा नकाशाही काढला. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. 1950 च्या दशकातल्या अनेक पेट्यांत चिकटपट्टीचा एक तुकडा सापडतो. त्यावर एका स्त्रीचे पहिले नाव असते. डाख देणाऱ्या कामगार बाईने आपल्या कामाखाली केलेली ती सही आहे. मालकाचे नाव पेटीच्या दर्शनी बाजूस. तिचे आत, फक्त दुरुस्ती करणाऱ्यालाच दिसेल असे.

अशी पेटी साठ-सत्तर वर्षांनी बंद पडते, तेव्हा जाणता कारागीर कसा वागतो? तो लगेच बटण दाबीत नाही. आधी डोळ्यांनी पाहतो, जळका वास येतो का ते घेतो. फ्यूज उडालेला असला तर जाड तार घालून वेळ मारून नेत नाही. विजेचा एक दिवा सिरीजमध्ये जोडून त्यातून पेटीला वीज देतो. आत शॉर्ट असेल तर दिवा लखलखीत पेटतो आणि पेटी वाचते. पेटी घुमत असेल तर तो घुमण्याचा सूर ऐकतो. अमेरिकेतील वीज सेकंदाला 60 आवर्तनांची. घुमणे 120 चे असेल तर बहुधा वीज गाळणारे मोठे कंडेन्सर वाळले आहेत; 60 चे असेल तर दोष अर्थिंगमध्ये किंवा व्हॉल्व्ह तापविणाऱ्या तारांत शोधावा. पेन्सिलीने हलकेच टिचकी मारल्यावर एखादा व्हॉल्व्ह घंटेसारखा वाजला, तर त्याचे अंतरंग सैल झाले असे समजावे. खरखर येत असेल तर जुने कार्बनचे रेझिस्टर आणि आवाजाची खुंटी तपासावी.

सर्वांत बोधप्रद दोष निराळाच. कधी शेवटच्या मोठ्या व्हॉल्व्हची पट्टी लालबुंद होते. अडाणी माणूस व्हॉल्व्ह बदलतो. नवाही तसाच जळतो. खरा दोष पुष्कळदा अलीकडच्या चिमुकल्या कंडेन्सरमध्ये असतो. त्याने अडवायची वीज तो झिरपू देतो, जाळीचा हुकूम सुटतो, आणि व्हॉल्व्ह कुवतीबाहेर राबतो. कारखान्यातही माणसे एकामागून एक आजारी पडू लागली, म्हणजे माणसे बदलून भागत नाही. मागची व्यवस्था तपासावी लागते.

हे काम जोखमीचेही आहे. आत 300 ते 450 व्होल्टपर्यंत दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सर तो धरून ठेवतात. म्हणून रेझिस्टरमधून तो उतरवावा, मीटरने खात्री करावी, आणि चालू पेटीत मोजताना एक हात खिशात ठेवावा, अशी जुन्या कारागिरांची शिस्त आहे. जुन्या पेट्यांना दोनच पिनांचा प्लग असे, आणि एक कंडेन्सर थेट विजेच्या तारेपासून पत्र्याला जोडलेला असे. तो फुटला तर गिटारच्या तारांत वीज उतरते. तो काढून तीन पिनांचे अर्थिंग देणे हे पहिले कर्तव्य. स्पीकर जोडल्याशिवाय पेटी चालवू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. नाहीतर ट्रान्सफॉर्मर जाण्याची भीती.

ज्याचे अंतरंग वाचता येते, त्यातून नवे निपजते. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल या ढोलवादकाचे वाद्यांचे दुकान होते. अमेरिकन माल तेथे महाग पडे. 1962 साली केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन या तंत्रज्ञांना हाताशी धरून त्याने फेंडरच्या ‘बासमन’ पेटीवरून आपली पेटी उभी केली. भाग इंग्लंडमध्ये मिळतील ते घातले. आवाज निराळा निघाला आणि जगभर गेला.

पुढे काळ पालटला. 1947 मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला होता. 1965 साली फेंडरची कंपनी सी.बी.एस. ने 1 कोटी 30 लाख डॉलरना विकत घेतली. 1970 आणि 1980 च्या दशकांत अमेरिका व पश्चिम युरोपातले व्हॉल्व्हचे बहुतेक कारखाने बंद पडले. आपल्या बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे रेडिओचे व्हॉल्व्हही आता जुन्या साठ्यांतच सापडतात. तरी गिटारवादकांनी व्हॉल्व्ह सोडला नाही. कुवतीच्या कडेला नेल्यावर त्याचा आवाज फाटतो तो हळूहळू आणि गोड फाटतो, हे त्यांना हवे असते. म्हणून रशिया, चीन आणि स्लोव्हाकियात ही नळी आजही तयार होते.

तथापि पेटी टिकली ती केवळ गोड आवाजामुळे नव्हे. ती उघडता येते, तिचा नकाशा मिळतो, तिचे भाग सुटे होतात, म्हणून टिकली. आज आपल्या हातातली कित्येक यंत्रे डिंकाने बंद केलेली असतात आणि त्यांचे नकाशे कंपनीच्या कुलपात असतात. बिघडले की फेका, नवे घ्या. यात ग्राहकाचे पैसे जातात हे उघड आहे. पण कारागिराचे हात रिकामे होतात आणि एका पिढीने दुसरीला द्यावयाची विद्या खुंटते, हे नुकसान मोठे आहे. मॅसॅच्युसेट्स राज्याने 2012 साली मोटारींपुरता दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. आपल्या केंद्र सरकारनेही 2022 मध्ये या हक्कासाठी समिती नेमली. पण कायद्याच्या आधी मागणी लागते, आणि मागणी करणारे लोक लागतात. घरी नवे यंत्र आणताना किंमत विचारतो, तसा आणखी एक प्रश्न आपण दुकानदाराला विचारू लागू : हे उघडते का, आणि याचा नकाशा कोणाजवळ आहे?