तारेखालची खाच : धार, मिरज, देवास

वाद्य सुरात टिकत नाही म्हटलं की हात आधी खुंट्यांकडे जातो. गिटारवाला नव्या खुंट्या विकत आणतो, तंबोरेवाला खुंट्यांना खडू चोळतो. दोष बहुतेक वेळा तिथे नसतो. तो असतो खुंट्यांच्या अलीकडे, दांडीच्या टोकाशी आडव्या बसवलेल्या छोट्याशा पट्टीत. गिटारवर तिला नट म्हणतात, तंबोऱ्यावर अटी. प्रत्येक तार या पट्टीवरच्या खाचेतून खुंटीकडे जाते. खाच नीट असेल तर तार मोकळी सरकते. खाच बिघडली असेल तर तार अडकते, आणि अडकलेली तार कधीतरी सुटतेच. सुटते ती बहुधा गाणं रंगात आल्यावर.

मी इंदूरला तंतुवाद्यं दुरुस्त करतो. घर लोहारद्याचं, देवास जिल्ह्याच्या दक्षिणेला, कांटाफोड-सतवासच्या बाजूचं. आजोबा शाळामास्तर आणि भजनाचे शौकीन. घरात मिरजेचा तंबोरा होता आणि त्याची गवसणी दर दिवाळीला धुतली जायची. आज माझ्याकडे येणाऱ्या वाद्यांत इलेक्ट्रिक गिटार जास्त, तंबोरे कमी. पण गिटारच्या नटवर कानस चालवताना मी जी काळजी घेतो ती गिटारच्या कारखान्यातून आलेली नाही. ती मिरजेच्या कारागिरांकडून आली. आणि मिरजेत सुराची ही जी जाण रुजली, तिचं एक मूळ आमच्या माळव्यात, धारमध्ये आहे. हा इतिहास माळव्यातल्या मराठी घरांतही आता फारसा कोणी सांगत नाही, म्हणून लिहितो आहे.

माळव्यात मराठे स्थिरावले ते अठराव्या शतकात. इंदूरला होळकर, उज्जैनला शिंदे, धार आणि देवासला पवार. देवासची गंमत अशी की तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांनी राज्य वाटून घेतलं आणि एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं नांदली. दरबार आले तसे पुजारी, कारकून, वैद्य आले आणि गवईही आले. मोठ्या फौजा ठेवण्याचे दिवस संपल्यावर छोट्या संस्थानिकांना गाणं हाच मानाचा खर्च उरला. धार-देवासच्या वाट्याला उत्तम गायक आले ते त्यामुळे.

धारला एकोणिसाव्या शतकात देवजीबुवा नावाचे मोठे गवई होते. दक्षिणेकडचा एक तरुण गाण्याच्या ध्यासाने घर सोडून त्यांच्याकडे शिकायला आला. ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. जन्म १८४९चा. धारला त्यांनी गुरुगृही राबून विद्या मिळवली, पुढे ग्वाल्हेर परंपरेतल्या वासुदेवबुवा जोशांकडे शिकले आणि ही गायकी घेऊन महाराष्ट्रात परतले. मिरजेत त्यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुसकर शिकले. पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांचे शिष्य बी. आर. देवधर मुंबईत गाणं शिकवू लागले, आणि देवधरांकडे बेळगावजवळच्या सुळेभावीचा एक मुलगा शिकायला आला. तो मुलगा म्हणजे कुमार गंधर्व. १९४८ साली क्षयाने पोखरलेली फुप्फुसं घेऊन, कोरडी हवा मानवेल म्हणून, कुमारजी देवासला राहायला आले आणि १९९२मध्ये जाईपर्यंत तिथलेच झाले. धारहून निघालेलं गाणं मिरज, लाहोर, मुंबई करत धारच्या शेजारच्या गावी परत आलं, असं मी म्हणतो ते या साखळीमुळे.

गाणं मिरजेला पोचलं त्याआधीच तिथे वाद्यं घडवणारे हात तयार झाले होते. फरीदसाहेब हे त्यांतलं पहिलं मोठं नाव. घराणं शिकलगारांचं, म्हणजे तलवारी आणि हत्यारं घडवणाऱ्या-परजणाऱ्यांचं. संस्थानी लढायांचा काळ संपला, हत्यारांना गिऱ्हाईक उरलं नाही. गवयांची वाद्यं मात्र मोडत होती आणि ती दुरुस्त करायला जवळपास कोणी नव्हतं. १८५०च्या सुमाराला हे घराणं सतार-तंबोऱ्यांकडे वळलं. भोपळे पंढरपूरकडचे, दांडीला तुणीचं लाकूड, आणि धार लावण्यात मुरलेले हात. पुढच्या पिढ्यांनी सतारमेकर हेच आडनाव लावलं. मिरजेचे संस्थानिक पटवर्धन गाण्याचे रसिक असल्याने या कामाला आसरा मिळाला.

हत्यार परजणाऱ्याला एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते. धातू आणि हाड जिथे घासतं तिथला केसाएवढा फरक सगळं काम बिघडवतो. अटीची खाच हेच काम आहे. तंबोऱ्याची तार भोपळ्याच्या बुडाशी असलेल्या लंगोटापासून निघते, मण्यातून घोडीवर येते, तिथे सुताच्या धाग्यावर जवारी, म्हणजे तंबोऱ्याचा तो घुमणारा झंकार, बोलते, मग तार दांडीभर जाऊन अटीवर टेकते, पुढे तारगहनाच्या भोकातून जाते आणि शेवटी खुंटीला गुंडाळली जाते. म्हणजे खुंटी आणि वाजणारी तार यांच्यात घर्षणाच्या दोन जागा आहेत. खुंटी पिळली की आधी ताण वाढतो तो खुंटी आणि अटी यांच्यामधल्या तुकड्यात. खाचेने तार धरून ठेवली तर वाजणाऱ्या भागापर्यंत तो ताण पूर्ण पोचतच नाही. आपण थांबतो, सूर लागला असं समजतो. चार आवर्तनं छेडल्यावर कंपनाने तार खाचेतून केसभर सरकते, ताण सारखा होतो आणि सूर चढतो. खुंटी उतरवली असेल तर उलट घडतं, सूर पडतो. गायकाला वाटतं वाद्याने दगा दिला.

हा फरक किती असतो ते आकड्यांत पाहू. तारेचा सूर ताणाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. ताण १ टक्का बदलला तर कंपनसंख्या साधारण अर्धा टक्का बदलते. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर हा फरक सुमारे साडेआठ सेंट होतो. सर्वांत लहान श्रुती, म्हणजे प्रमाणश्रुती, आहे जवळपास २२ सेंटची. म्हणजे खाचेने अडीच टक्के ताण अडवून ठेवला की एका श्रुतीची चूक झाली. तयार कानाला तर त्याच्या निम्मा फरकही खुपतो.

मिरज-सांगलीच्या परिसरात हे मोजमाप केवळ कारागिरांपुरतं राहिलं नाही. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी श्रुतींचा अभ्यास केला आणि १९१०मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यांच्या प्रयोगांना अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची मदत झाली. खाँसाहेब मिरजेत राहायचे आणि वाद्यं स्वतःच्या हाताने दुरुस्त करायचे. १९३७ साली त्यांचं निधन झालं, आणि आजही मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात त्यांच्या स्मृतीला गाण्याच्या मैफली होतात. गवई हातात कानस घेतो, कारागीर श्रुतीचा हिशेब समजून घेतो, अशी ती जागा होती. सुराची शुद्धता आणि वाद्याची घडण हे दोन वेगळे विषय आहेत असं तिथे कोणी मानलं नाही.

इकडे देवासला त्याच काळात रजब अली खाँसाहेब गात होते. बीनकार बंदे अली खाँ यांची तालीम त्यांना मिळालेली. बीनेची मींड गळ्यातून काढणाऱ्या गायकाला मागचा तंबोरा अर्ध्या श्रुतीने सरकलेला चालत नाही. कुमारजी तर तंबोरे लावण्याच्या बाबतीत इतके काटेकोर होते की देवासच्या जुन्या माणसांकडे त्याच्या आठवणी अजून आहेत. त्यांच्या ‘भानुकुल’ या घराच्या परिसरात वाढलेल्या पिढीने तंबोरा जुळवणं हेही गाणंच असतं, हे डोळ्यांनी पाहिलं. पण एक उणीव राहिली. माळव्याने गवई सांभाळले, कारागीर घडवले नाहीत. आमच्याकडे तंबोऱ्याची अटी झिजली की वाद्य रजईत गुंडाळून रेल्वेने मिरजेला जायचं आणि महिन्यांनी परत यायचं. ज्यांना ते परवडत नसे ते खाचेत पेन्सिलीचं शिसं घासून वेळ मारून नेत. शिसं वंगणासारखं काम करतं हे खरंच आहे, गिटारवालेही हाच उपाय करतात. पण झिजलेली खाच त्याने भरून निघत नाही.

अटी कशाची करायची यालाही इतिहास आहे. जुन्या दरबारी वाद्यांत हस्तिदंत आणि सांबरशिंग सर्रास दिसतं. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांनी तो व्यापार थांबला, आणि ते योग्यच झालं. त्यानंतर उंटाचं किंवा गुरांचं हाड आलं, मग फायबर आणि प्लॅस्टिक. स्वस्त प्लॅस्टिक मऊ असतं. पोलादी तार त्यात रुतते आणि आपल्या आकाराची घट्ट चीर पाडते. नीट वाळवलेलं, चरबी काढलेलं हाड टणक असतं, त्याला कानशीने चकाकी येते आणि तार त्यावरून घसरते.

हाच पेच इलेक्ट्रिक गिटारवाल्यांनी गेल्या सत्तर वर्षांत वेगळ्या वाटेने सोडवला. १९५४ साली फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर आली, तिला तारा ढिल्या-घट्ट करणारा दांडा होता. दांडा दाबला की सहाही तारा नटमधून पुढेमागे सरकायच्या आणि काही परत जागेवर यायच्याच नाहीत. फ्लॉइड रोज या अमेरिकन वादकाने सत्तरच्या दशकात तारा नटपाशीच स्क्रूने आवळून टाकायची युक्ती काढली आणि १९७९मध्ये तिचं पेटंट घेतलं. तार सरकायलाच नको, असा त्याचा विचार. तंबोऱ्याला हा मार्ग चालत नाही, कारण गायकाच्या स्वराप्रमाणे आणि रागाप्रमाणे तो रोज नव्याने जुळवावा लागतो. आपल्याला मोकळी सरकणारी तारच हवी, म्हणून आपल्याला खाचच सुधारावी लागते.

आता आमच्या भागातली मुलं लग्नाच्या ऑर्केस्ट्रात, देवीच्या जागरणात गिटार वाजवतात. लोहारद्याहून, कन्नोदहून वाद्यं येतात, बहुतेक स्वस्तातली, पोकळ प्लॅस्टिकचा नट असलेली. खुंटी फिरवताना नटपाशी ‘टिक’ असा आवाज आला की रोग ओळखावा. तार अडकून उडी मारते त्याचा तो आवाज. मी तारा काढतो, नटच्या कडेने वार्निशवर धारदार पात्याने रेघ मारतो, म्हणजे नट निघताना वार्निशचा टवका उडत नाही. मग बाजूने लाकडी ठोकळा टेकवून हलके ठोके देतो. नट सुटला की जुना सरस खरवडून गाळा सपाट करतो. हाडाची नवी पट्टी गाळ्यात दाबून बसेल पण ठोकावी लागणार नाही इतकी घासतो. खाच तारेपेक्षा किंचित रुंद आणि तळाला गोल. तिचा उतार खुंट्यांकडे, म्हणजे तार खाचेच्या पुढच्या काठावरच टेकते आणि तिथूनच वाजायला लागते. उतार उलटा झाला तर तार झणझणते. पहिली बारीक तार जेमतेम पाव मिलिमीटरची असते, त्यामुळे कानशीचा एक जास्तीचा हात सगळी पट्टी वाया घालवतो. खोली तपासायची रीत सोपी आहे. तार तिसऱ्या पडद्यावर दाबावी आणि पहिल्या पडद्यावर फट पाहावी. कागद जेमतेम सरकेल इतकी फट उरली की थांबावं. सरसाचे एकदोन थेंब पुरतात, कारण हा नट पुढे कोणालातरी पुन्हा काढावा लागणार आहे.

तंबोऱ्याला पडदे नसल्याने त्याच्या अटीला फटीचा हिशेब नाही. तिथे अटीची उंची घोडीशी जुळवावी लागते, कारण उंची बदलली की तार घोडीवर वेगळ्या कोनात झुकते आणि जवारीचा गोलावा हरवतो. म्हणून अटी बदलली की जवारी पुन्हा तपासावी लागते. बाकी सगळं तेच. तारा चढवल्यावर प्रत्येक तार अंगठ्याने हलकेच ओढून बसवावी, आणि सूर नेहमी खालून वर चढवत आणावा, म्हणजे खाचेत लपलेला ढिलेपणा उरत नाही. ही सवय मला मिरजेच्या एका म्हाताऱ्या कारागिराने लावली आणि मी ती गिटारवाल्या मुलांना लावतो.

२०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदाची गोष्ट आहे. पण मानांकन नव्या वाद्यांच्या विक्रीला उपयोगी पडतं, जुन्या वाद्यांची दुरुस्ती त्याने आपोआप टिकत नाही. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि मोबाइलवरचे तंबोरे आल्यापासून माळव्यातल्या कितीतरी मराठी घरांत मिरजेचे तंबोरे माळ्यावर पडून आहेत. त्यांचे भोपळे शाबूत असतात, दांड्या सरळ असतात. बिघडलेली असते ती फक्त अटी आणि जवारी, आणि दोन्ही नीट होतात. धार, देवास, इंदूर, उज्जैनच्या वाचकांना माझं एवढंच सांगणं आहे, की असा तंबोरा घरात असेल तर तो मोडीत काढू नका. जाणत्या कारागिराकडे न्या आणि अटी बदलून घ्या. गाणं शिकवणाऱ्या संस्थांनीही वर्षातून एकदा मिरजेच्या कारागिराला बोलवावं आणि मुलांना खाच कशी घासतात ते शिकवावं. माळव्याने मिरजेला गाणं दिलं. आता मिरजेकडून हे काम शिकून घेणं आपल्याकडे बाकी आहे.