स्पंदित लेसर : न भाजता ऊती काढणारा किरण

लेसरचा किरण ऊतीवर अखंड पडत राहिला, तर उष्णता आजूबाजूला पसरून निरोगी भागही भाजतो. स्पंदित लेसरचा प्रकाश तुकड्यातुकड्यांनी येतो. डोळ्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या एक्सायमर लेसरचा एक स्पंद साधारण १० ते २० अब्जांश सेकंदच टिकतो. त्यामुळे उष्णता पसरण्यापूर्वीच वरचा पातळ थर उडून जातो.

मात्र केवळ स्पंद आखूड असून भागत नाही, तरंगलांबीही योग्य लागते. नोव्हेंबर १९८१ मध्ये अमेरिकेतील आयबीएमच्या प्रयोगशाळेत भारतात जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन यांनी सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या मांसावर १९३ नॅनोमीटरचे अतिनील किरण सोडले. कडा स्वच्छ राहिल्या. हिरव्या लेसरच्या स्पंदांनी मात्र तीच ऊती करपली. कारण असे की, अतिनील किरण प्रथिनांत पृष्ठभागापाशीच शोषले जातात आणि रेणूंचे बंध तोडतात. मेजवानीतल्या उरल्यासुरल्यातून नेत्रशल्यचिकित्सेला मिळालेली ही देणगी!

१९८३ मध्ये नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांच्यासह गाईच्या डोळ्यांवर प्रयोग झाले. १९९५ मध्ये लघुदृष्टीच्या उपचारासाठी या लेसरला अमेरिकेत मान्यता मिळाली.

एका स्पंदाने कॉर्नियाचा सुमारे पाव मायक्रोमीटर थर निघतो, त्यामुळे किती स्पंद द्यायचे हे आधीच ठरवता येते. कॉर्नियाची एकूण जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते आणि तिच्या गाभ्यातून काढलेला भाग पुन्हा भरून येत नाही. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी ही जाडी मोजली जाते. ती अपुरी आढळल्यास रुग्णाला हा उपचार नाकारला जातो.