पंचाहत्तर रुपये आणि 'समाधान' : इंग्रजी फुकट शिकवणाऱ्यांना काय मिळालं?

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

दर जूनमध्ये आपल्या मुरबाड-शहापूरच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो. शाळेचं नाव बदलतं, मजकूर तोच. इंग्रजी विषयासाठी स्वयंसेवक पाहिजे, मानधन देता येणार नाही, समाधान मात्र नक्की मिळेल. खाली पंचवीस-तीस हात जोडलेले, दहा अंगठे. प्रत्यक्ष जाणारी एखादीच. बहुतेक वेळा गावातलीच बीए झालेली मुलगी, घरचं आवरून, टोकावड्याची नाहीतर मुरबाडची एसटी पकडून, तिकीट स्वतःच्या पैशाने काढून जाणारी. दिवाळीपर्यंत ती टिकते. मग तिला मुरबाडच्या एमआयडीसीत कुठेतरी डेटा एंट्रीचं काम लागतं आणि आपण म्हणतो, आजकालच्या पोरांना सेवाभाव नाही.

या 'समाधान' शब्दावर मला जरा बोलायचं आहे. ज्यांची नावं घेऊन आपण सेवाभावाचे दाखले देतो, त्यांनी मोबदल्याचा हिशेब कसा केला होता, ते बघूया.

हिशेबाचा विषय आपल्याला परका नाही. वैशाखऱ्याच्या डोक्यावर नाणेघाट आहे. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांचा ब्राह्मी शिलालेख आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा. रविवारी ट्रेकवाले त्याच्यासमोर उभे राहून सेल्फी काढतात. त्यात काय कोरलंय? केलेल्या यज्ञांची नावं, आणि प्रत्येक यज्ञाला दिलेली दक्षिणा. गाई किती, घोडे, हत्ती, नाणी किती, आकड्यांसकट. ज्ञान असलेल्या माणसाला काय दिलं, हे दगडावर लिहून ठेवायची लाज त्या राजघराण्याला वाटली नाही. फुकट घेतलं असतं तर बहुधा कोरलंही नसतं.

आता घाट चढून पलीकडे जुन्नर, आणि जुन्नरहून पुण्याला चला. इंग्रजी शिक्षणाची आपल्याकडची मोठी गोष्ट तिथेच घडली.

आधी शाळेची रचना लक्षात घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या काळी मराठी चौथी झाली की रस्ता फुटायचा. एक रस्ता मराठी शाळेतच पुढे सातवीपर्यंत, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल. ती पास झाला की प्राथमिक मास्तर, तलाठी, फार तर कारकून. दुसरा रस्ता 'इंग्रजी पहिली'चा. तिथून इंग्रजी सातवीपर्यंत गेलं की मॅट्रिक, मग कॉलेज, वकिली, मामलेदारी. इंग्रजी शाळा शहरात, तिची फी जास्त. खेड्यातलं पोर चौथीच्या वळणावरच अडकायचं. ज्यांचे आजोबा 'इंग्रजी तिसरीतून शाळा सोडली' असं सांगायचे, त्यांना हा शब्द आठवत असेल. पोर हुशार असूनही सोडायचं, कारण पुढे शिकवणारा जवळ नसायचा.

१८८० च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी त्यासाठी सरकारी शाळेतली नोकरी सोडली होती. बाळ गंगाधर टिळक नुकतेच एलएल.बी. झालेले. महादेव बल्लाळ नामजोशी धडपड्या माणूस. गोपाळ गणेश आगरकर एम.ए. संपवून पुढच्या वर्षी आले. वामन शिवराम आपटेही आले. इंग्रजी शिक्षण स्वस्त करायचं, आणि ते सरकारच्या किंवा मिशनऱ्यांच्या नव्हे, आपल्या माणसांच्या हातात ठेवायचं, हा हेतू. इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणणारे म्हणून ज्यांचं नाव सांगतात ते चिपळूणकरच. निबंधमालेत मराठीचा अभिमान शिकवणारा माणूस इंग्रजी शाळा काढतो, यात त्यांना काही विसंगत वाटलं नाही. आपल्याकडे आज यावर चार दिवस भांडण झालं असतं.

पहिल्या वर्षी टिळक आणि चिपळूणकरांनी पगार घेतला नाही. आपले भाषणवाले इथे थांबतात, टाळ्या होतात, पाहुण्यांना श्रीफळ दिलं जातं. खरी गोष्ट इथून पुढे आहे. फुकट शिकवणं ही पहिल्या वर्षाची निकड होती. ती कायमची व्यवस्था व्हावी असं त्या लोकांनी ठरवलं नव्हतं.

१८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली, १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज. आजीव सदस्यांसाठी नियम ठरले. वीस वर्षं संस्थेत शिकवायचं आणि महिना पंचाहत्तर रुपये घ्यायचे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी याच अटीवर उमेदीची वर्षं दिली आणि शेवटी महिना तीस रुपये पेन्शनवर बाहेर पडले. एवढी पदवी असलेला माणूस सरकारी नोकरीत यापेक्षा कितीतरी जास्त मिळवू शकला असता. त्याग होताच. पण त्यागाचा आकडा लिहून ठेवलेला होता, मुदत लिहिलेली होती. कुणाला 'बघू, काहीतरी करू' असं सांगून राबवलेलं नव्हतं.

आणि गंमत बघा, एवढं लिहूनही भांडण झालंच! संसार वाढले, खर्च वाढला, तेव्हा पगार वाढवावा असं आगरकरांच्या बाजूचं म्हणणं. टिळक म्हणाले, नाही, ठरलं ते ठरलं. आणि सदस्याने बाहेर दुसरी कमाई, दुसरी कामंही करू नयेत. होळकरांकडून आलेल्या देणगीवरून वाद. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं काम घेतलं त्यावरून वाद. १८९० च्या अखेरीस टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले. आपण टिळक-आगरकर वाद म्हटलं की 'आधी सामाजिक की आधी राजकीय' एवढंच शाळेत शिकतो. तो वाद होताच. पण संस्था फुटली त्यात मास्तरांच्या पगाराचा आणि वेळेचा प्रश्न फार मोठा होता. तत्त्व म्हणून टिळकांचं बरोबर असेल, पण घर चालवणाऱ्या माणसाच्या बाजूने बघितलं तर मला आगरकरांचं पटतं. आगरकर १८९५ मध्ये गेले, वय एकोणचाळीसच्या आसपास. अंत्यविधीचे पैसे त्यांनी आधीच पुडी करून उशाशी ठेवले होते असं सांगतात. तोवर ते फर्ग्युसनचे प्राचार्य झालेले होते.

म्हणजे मिळालं काय या लोकांना? नुसते हाल? तसंही नाही, आणि हा भाग मला सगळ्यात आवडतो.

आगरकरांनी शेक्सपिअरचं हॅम्लेट मराठीत आणलं, 'विकारविलसित', १८८३. १८८८ मध्ये त्यांचं वाक्यमीमांसेवरचं पुस्तक आलं. इंग्रजी व्याकरणात वाक्य फोडून त्याचे भाग बघायची जी पद्धत होती, ती त्यांनी मराठी वाक्याला लावली. आपण शाळेत 'उद्देश्य-विधेय' करत बसायचो ना, त्या वाटेवरचं ते महत्त्वाचं पुस्तक. परकी भाषा दुसऱ्याला समजावून सांगताना आपल्या भाषेचा सांगाडा दिसायला लागतो, हे वर्गात उभं राहिलेल्या कुणालाही विचारा. आपट्यांनी संस्कृत-इंग्रजी कोश केला, १८९० चा. जगभरचे संस्कृतचे विद्यार्थी अजून तो उघडतात. गोखले तर गणित, इंग्रजी, इतिहास, जे अडेल ते शिकवायचे. इंग्रजी लेखकांचे उतारेच्या उतारे त्यांना पाठ. पुढे मोठ्या कौन्सिलात सरकारच्या अंदाजपत्रकाची चिरफाड करणारं जे इंग्रजी लोकांनी ऐकलं, ते शाळेतल्या फळ्यासमोर घासूनपुसून तयार झालेलं होतं. त्यांनी लिहिलेलं अंकगणिताचं पुस्तक इतकं चाललं की त्या कमाईचा त्यांना आधार झाला. पगारापेक्षा पुस्तकाने हात दिला!

शिकवणाऱ्याला मिळतं ते हे. ते खरं आहे, मी त्याची चेष्टा करत नाही. फक्त एवढंच, की हे सगळं पंचाहत्तर रुपयांच्या वर मिळालं. पंचाहत्तरच्या ऐवजी नाही.

याच काळातला दुसरा कागद बघा. १८८२ मध्ये हंटर कमिशन पुण्यात आलं. न्यू इंग्लिश स्कूल पाहून हंटरसाहेबांनी कौतुक केलं. त्याच कमिशनपुढे जोतिराव फुल्यांनी आपलं निवेदन दिलं. जोतिरावांच्या घराने फुकट शिकवणं काय असतं ते आधीच भोगलेलं होतं. १८४८ पासूनच्या त्यांच्या मुलींच्या शाळांत सावित्रीबाई मोबदला न घेता शिकवत होत्या, वर शेणमातीचा मारा खात होत्या. त्या माणसाने कमिशनला काय सांगितलं? सेवाभावी माणसं शोधा, असं नाही. त्यांनी सांगितलं की प्राथमिक मास्तर ट्रेनिंग झालेला असावा, शक्यतो शेतकरी समाजातला असावा, आणि त्याला महिना बारा रुपयांपेक्षा कमी पगार नसावा. मोठ्या गावात त्याहून जास्त द्यावा. ज्याने स्वतः फुकट केलं, त्याने दुसऱ्यासाठी पगार मागितला. मला विचाराल तर सेवाभावाची खूण हीच.

आपल्या तालुक्यातलाही एक माणूस या यादीत आहे. तालुक्यातला म्हणजे जन्माने माथेरानचा, पण रक्त सांडलं सिद्धगडावर, म्हणून आपला. भाई कोतवाल. २ जानेवारी १९४३ ला पोलिसांच्या गोळ्यांनी ते आणि हिराजी पाटील तिथे पडले. दरवर्षी आपण मशाली घेऊन जातो. विजेचे मनोरे पाडणारा आझाद दस्ता सगळ्यांना माहीत. पण वकिली शिकलेल्या या माणसाने त्याआधी आसपासच्या गावांत शाळा चालू केल्या होत्या, सावकाराच्या विळख्यातून सुटायला धान्यकोठ्या काढल्या होत्या. शिक्षण आणि दाणे एकत्र. पोट रिकामं ठेवून अक्षरं शिकवता येत नाहीत आणि शिकताही येत नाहीत, हे त्यांना कळत होतं.

बाहेरच्या जगातही स्वयंसेवक म्हणजे बिनपैशाचाच, असा अर्थ सगळीकडे धरलेला दिसत नाही. अमेरिकेने १९६१ मध्ये पीस कोअर काढली. तिची तरुण पोरं देशोदेशी इंग्रजी शिकवायला गेली. भारतातही १९७६ पर्यंत ती होती, आपल्याकडे कोंबडीपालनासारख्या कामांतही. त्यांना स्वयंसेवकच म्हणतात. पण राहण्या-जेवण्यापुरता भत्ता मिळतो, मुदत संपली की घरी परतून बस्तान बसवायला एकरकमी पैसेही मिळतात.

आणि आपल्याकडे? पूर्वी आमच्या पिढीची एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून इंग्रजी आलं. निर्णय चांगला होता, पाड्यावरच्या पोराच्या कानावर इंग्रजी लवकर पडलं. पण ज्या गुरुजींनी ते शिकवायचं, त्यांचं स्वतःचं इंग्रजी पाचवीत सुरू झालेलं. त्याच सुमारास 'शिक्षणसेवक' आले, महिना तीन हजारांवर. नाव सेवक, पैसे मानधन. पुढे सहा हजार झाले आणि प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला सोळा हजार मिळायला २०२३ उजाडलं. वस्तीशाळांवरच्या स्वयंसेवकांनी तर वर्षानुवर्षं नाममात्र पैशात पाडे सांभाळले, मग मोर्चे काढले, मग कुठे ते नियमित झाले. शब्द बघा सगळे. सेवक, स्वयंसेवक, मानधन. पगार म्हटलं की हक्क येतो ना, म्हणून.

शहरातून शनिवार-रविवारी येणाऱ्यांबद्दलही लिहितो, राग नसावा. मुंबई-ठाण्याची मंडळी येतात, मनापासून शिकवतात, काही वर्षानुवर्षं येत आहेत, त्यांना नमस्कार. पण दिवाळीनंतर आपली कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात. जानेवारीत गाडीभर फ्लॅशकार्ड घेऊन येणाऱ्याला अर्धा वर्ग रिकामा दिसतो. भट्टी कुठे आहे, पोरं कुठल्या वाटेने गाठायची, 'उंदीर' म्हटल्यावर कळतं पण 'माऊस' म्हटल्यावर कॉम्प्युटरवाला की बिळातला हे कसं समजवायचं, ते गावातल्या मुलीला माहीत असतं. तिच्याच तिकिटाचे पैसे आपल्याकडे नसतात. सत्काराच्या शालीचे असतात.

म्हणून या जूनमध्ये तो मेसेज टाकणाऱ्या मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या मंडळींना विनंती. त्यात चार ओळी वाढवा. एसटीचं तिकीट कोण देणार. दुपारचं जेवण शाळेत की डबा आणायचा. काम किती महिन्यांचं. आणि शेवटी शाळेच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी, अनुभवाचा दाखला मिळणार की नाही. बीएड करणाऱ्या किंवा नोकरी शोधणाऱ्या मुलीला तो कागद शंभर अंगठ्यांपेक्षा जास्त उपयोगी आहे. गावाने वर्गणी काढली तर महिना दोन-तीन हजारही अवघड नाहीत. आपण गणपतीला आणि क्रिकेटच्या चषकाला काढतोच.

जुन्या जाणत्यांना एक विचारायचं राहिलं. वैशाखरे, टोकावडे, सरळगाव, इकडे शहापूरच्या बाजूला डोळखांब, किन्हवली, या भागात हायस्कूल व्हायच्या आधी कुणी घरच्या ओटीवर इंग्रजी शिकवायचं का? तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन बसणारा एखादा पोस्टमास्तर, एखादे रिटायर गुरुजी असतीलच. त्यांना तेव्हा काय मिळायचं? पायलीभर भात, भाजी, की फक्त चहा? घरात कुणी सांगत असेल तर लिहा. नावं घरच्यांना विचारूनच टाका. जमा झालं तर पुढची पोस्ट त्यांच्यावर करतो.