आठवड्याची बैठक : सेवामंडळांचा अल्प इतिहास



महोत्सवाच्या स्मरणिकेंत देवमंदिराचा पाया कोणीं घातला, घंटा कोठून आली, कोणते धर्मगुरु किती वर्षें राहिले, ह्या गोष्टी विस्तारानें येतात, आणि त्या यावयासच पाहिजेत. परंतु जिला ना शिलालेख असतो ना छायाचित्र, अशीही एक गोष्ट समाजाच्या जीवनांत मोठें काम करून जाते. ती म्हणजे ठरलेल्या वारीं व ठरलेल्या वेळीं चार माणसांनीं एकत्र बसणें. ज्या मंडळांनीं ह्या साध्या संवयीवर मोठी सेवा उभारली, त्यांचा थोडक्यांत इतिहास येथें देत आहों.

सन १९०५ च्या फेब्रुवारीच्या २३ तारखेस अमेरिकेंतील शिकागो शहरीं पॉल हॅरिस नांवाच्या वकिलानें तीन परिचितांसह एक बैठक भरविली. सिल्व्हेस्टर शील हा कोळशाचा व्यापारी, गुस्टाव्हस लोहर हा खाणींचा इंजिनिअर आणि हायरम शोरी हा कपडे शिवून विकणारा दुकानदार. युनिटी बिल्डिंगमधील लोहरच्या ७११ क्रमांकाच्या खोलींत हे चौघे जमले. हॅरिस लहान गांवांत वाढलेला. शहरांत ओळखीचे पुष्कळ, पण जिवाभावाचें कोणी नाहीं, ह्या एकटेपणास तो कंटाळला होता. पुढें बैठक पाळीपाळीनें एकेकाच्या कचेरींत भरूं लागली व त्या पाळीवरून 'रोटरी' हें नांव पडलें. प्रत्येक धंद्यांतला एकच सभासद घ्यावयाचा असा नियम होता. त्यामुळें आपसांत चढाओढ राहत नसे आणि एकमेकांस गिऱ्हाईकही मिळे. म्हणजे आरंभीं हें मंडळ स्नेहाचें होतें खरें, पण फायद्याचेंही होतें.

ह्या मंडळास वळण लागलें तें एका नकारानें. १९०६ सालीं डोनाल्ड कार्टर नांवाच्या वकिलास सभासद होण्याचें आमंत्रण गेलें. त्यानें नियम वाचले आणि येण्यास नकार दिला. जें मंडळ केवळ आपल्याच सभासदांचें भलें पाहतें तें टिकणार नाहीं, शहरासाठीं कांहीं करीत असाल तर मी येतों, असें त्याच्या सांगण्याचें तात्पर्य होतें. दुसऱ्या एकाद्या मंडळानें त्यास उद्धट म्हणून सोडून दिलें असतें. ह्यांनीं तसें केलें नाहीं. शहराच्या हिताचें कलम नियमांत घातलें व कार्टरला आंत घेतलें. लगेच १९०७ सालीं नगरभवनाजवळ सार्वजनिक शौचकूप व्हावेत म्हणून ह्या मंडळानें खटपट सुरू केली. दारूच्या गुत्त्यांच्या व मोठ्या दुकानांच्या मालकांनीं विरोध केला, कारण त्या सोईसाठीं लोक त्यांच्याच दारीं येत. तरी काम तडीस गेलें. रोटरीची पहिली लोकसेवा ती हीच.

आरंभीं बैठक पंधरवड्यानें होई. पुढें कॅलिफोर्नियांतील ओकलंड येथील मंडळानें दर आठवड्यास दुपारच्या जेवणाच्या वेळीं जमण्याचा परिपाठ घातला आणि तो सर्वत्र पसरला. ह्या बैठकीचा क्रम पाहण्याजोगा आहे. अध्यक्ष घंटा वाजवितो. सर्वजण बरोबर जेवतात. कोणाच्या घरीं आनंद वा दुःख झालें तें कळविलें जातें. उशिरा येणारास कोठें कोठें थट्टेनें दंड होतो व तो पैसा धर्मकार्यास जातो. हजेरी मात्र थट्टेची नसे. आपल्या गांवची बैठक चुकली, तर दुसऱ्या गांवच्या बैठकीस जाऊन ती भरून काढावी लागे. शेवटीं बाहेरून बोलाविलेला वक्ता अर्धा तास बोलतो. आज डॉक्टर, पुढल्या आठवड्यांत शाळामास्तर, त्याच्या पुढें एकादा इंजिनिअर वा प्रवासी. प्रश्न विचारले जातात, आभार मानले जातात आणि जो तो आपल्या कामास लागतो.

अशीं पुष्कळ भाषणें विसरलीं जातात हें कबूल केलें पाहिजे. पण एकादें भाषण मंडळाचा सारा मार्ग पालटून टाकतें. मेल्व्हिन जोन्स ह्यानें १९१७ सालीं शिकागोसच स्थापिलेल्या लायन्स ह्या दुसऱ्या सेवामंडळाची गोष्ट घ्या. १९२५ च्या जूनच्या ३० तारखेस ओहायो प्रांतांत सीडर पॉइंट येथें त्याचें वार्षिक अधिवेशन भरलें होतें. पाहुण्या म्हणून हेलन केलरबाई आल्या. एकोणीस महिन्यांच्या वयांत त्यांची दृष्टि व श्रवण हीं दोन्हीं गेलीं होतीं. अंधांचे कैवारी होऊन अंधारावर चालून जा, अशी त्यांनीं सभासदांस विनंती केली. तेव्हांपासून नेत्रसेवा हें लायन्स मंडळाचें मुख्य व्रत झालें. भाषण घटकेचें, पण त्याचें फळ शंभर वर्षें चाललें आहे.

आम्हां कॅथॉलिकांस ही गोष्ट अगदींच नवी नाहीं. रोटरीच्या बहात्तर वर्षें आधीं, १८३३ च्या एप्रिलांत, पॅरिस येथें फ्रेडरिक ओझानाम नांवाचा वीस वर्षांचा विद्यार्थी आपल्या सोबत्यांसह असाच जमला. त्यांच्या वादसभेंत विरोधकांनीं विचारलें होतें कीं, तुमच्या धर्मानें पूर्वीं पुष्कळ केलें असेल, पण आज तुम्ही गरिबांसाठीं काय करतां? प्रश्न बोंचला, आणि त्यांतूनच संत व्हिन्सेंट डी पॉलचें मंडळ निघालें. तेथेंही बैठक आठवड्याची. पण जेवणाच्या जागीं गरिबांच्या घरीं भेट, आणि अखेरीस पिशवी फिरवून गुप्त वर्गणी, म्हणजे कोणीं किती दिलें तें कोणास कळूं नये. शिकागोस कार्टर आला, पॅरिसास विरोधक आला. दोन्हीं ठिकाणीं बाहेरच्या माणसाचा बोल आंतल्यांनीं मनावर घेतला.

हिंदुस्थानांत पहिलें रोटरी मंडळ १९१९ सालीं कलकत्त्यास निघालें आणि १९२९ सालीं मुंबईस. त्याच वर्षीं रोममधील कन्सिस्टोरियल धर्ममंडळानें, धर्मगुरूंनीं रोटरीचे सभासद होणें इष्ट नाहीं, असें कळविलें. १९५१ सालीं होली ऑफिसनें तोच निर्बंध अधिक कडक केला व प्रापंचिकांसही सावधगिरीची सूचना दिली. सर्व धर्म सारखेच असा समज वाढेल व फ्रीमेसनांचा शिरकाव होईल, ही भीति त्यामागें होती. अशा काळीं धंद्यांतील मित्राचें आमंत्रण आलेल्या कॅथॉलिक गृहस्थापुढें, श्रद्धा न सोडतां ह्या पंक्तीस बसावें कीं नाहीं, असा खरा पेंच होता. पुढें ही भीति ओसरली. १९७९ च्या जूनमध्यें रोटरीचें जागतिक अधिवेशन रोम शहरींच भरलें आणि पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनीं त्यांतील प्रतिनिधींपुढें भाषण केलें. ज्या बैठकीविषयीं पूर्वीं शंका होती, तिचे पाहुणे वक्ते स्वतः पोपमहाशय झाले.

ह्या मंडळांत उणीवाही होत्या. रोटरीचें दार स्त्रियांस फार काळ बंद होतें. १९८७ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागल्यावर आणि १९८९ सालीं नियम पालटल्यावर तें जगभर उघडलें. हजेरीचा नियमही २०१६ पासून सैल झाला व महिन्यांतून दोन बैठकींची मुभा मिळाली. तथापि चिकाटीचें फळ पाहावयाचें असेल तर पोलिओचें पाहावें. १९८५ सालीं रोटरीनें ह्या रोगाविरुद्ध जगव्यापी मोहीम घेतली. सरकारें, जागतिक आरोग्य संघटना व असंख्य आरोग्यसेविका ह्यांच्या श्रमांनीं भारतांतील अखेरचा रोगी २०११ च्या जानेवारींत हावडा जिल्ह्यांत आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजीं आपला देश पोलिओमुक्त ठरला. गांवोगांवच्या बैठकींत वर्षानुवर्षें त्याच विषयाची आठवण दिली गेली नसती, तर एवढा दीर्घ उत्साह टिकता ना.

आपल्या धर्मग्रामांतही मंडळें आहेत, सभा आहेत, आणि कित्येकदां खुर्च्या रिकाम्या असतात. दोन कारणांनीं बैठक मरते. माणसें येईनाशीं झालीं म्हणजे, आणि त्याच माणसांनीं तेंच बोलणें चालविलें म्हणजे. पहिल्यास उपाय ठरलेला वार पाळणें. दुसऱ्यास उपाय बाहेरच्यास बोलावणें, आणि तो आपल्या मर्मावर बोट ठेवील तर रागावूं नये. महोत्सवाचे दीप मालवल्यावर येणारा पहिला साधा आठवडा ह्याच कामीं लागो, एवढीच परमेश्वरचरणीं प्रार्थना.