रामन यांच्या दारात उभी असलेली मुलगी

'पेट'चा निकाल लागला की माझ्या मेलबॉक्समध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येऊन पडतो. गाइड कसा निवडायचा? काही जण थेट दोन नावं पाठवतात आणि विचारतात, यातलं कोण? माझं आजवरचं उत्तर ठरलेलं होतं: त्यांचे गेल्या पाच वर्षांतले पेपर बघा, प्रोजेक्टला पैसा आहे का बघा, आधीचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले ते बघा. हे उत्तर चुकीचं नाही. पण ते अपुरं आहे, असं मला अलीकडे वाटायला लागलंय. त्याला कारण आहे एक जुनी गोष्ट, जी तुम्ही बहुतेक ऐकलेली असणार. मीही ऐकली होती, फक्त भलत्याच बाजूने.

गोष्ट कमला सोहोनींची. तेव्हाच्या कमला भागवत. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बीएस्सी, विषय रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र, गुणवत्तेत वरची. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघंही बंगळूरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत (आजची आयआयएस्सी) रसायनशास्त्र शिकलेले. म्हणजे घरात ही संस्था जवळजवळ माहेरासारखी. कमलाबाईंनी तिथे अर्ज केला आणि नकार आला. त्या वर्षी संस्थेच्या संचालकपदी नुकतेच कोण आले होते? सर चंद्रशेखर वेंकट रामन. तीनच वर्षांपूर्वी, १९३० मध्ये नोबेल मिळालेले. संस्थेचे पहिले भारतीय संचालक. त्यांच्या संस्थेत मुलींना प्रवेश नव्हता.

वडिलांनी, काकांनी रदबदली केली, उपयोग झाला नाही. कमलाबाई स्वतः बंगळूरला गेल्या आणि प्रवेश मिळाल्याशिवाय हलणार नाही असा सत्याग्रहाचा पवित्रा घेतला. गांधीजींचा काळ होता, हे हत्यार घराघरांत माहीत होतं. शेवटी रामन तयार झाले, पण अटींवर. पहिलं वर्षभर नियमित विद्यार्थी म्हणून नोंद होणार नाही. गाइड सांगतील तेव्हा, रात्रीबेरात्रीसुद्धा, काम करावं लागेल. आणि तिसरी अट: तिच्यामुळे प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये.

ही तिसरी अट पुन्हा एकदा वाचा. वातावरण बिघडवू शकणारी वस्तू म्हणजे ती मुलगी. बाकीचे सगळे जणू वातावरणच.

शाळेत विज्ञान दिनाला ही गोष्ट मला 'जिद्दीची कथा' म्हणून सांगितली गेली. योगायोग असा की २८ फेब्रुवारी हा दिवस रामन परिणामाच्या शोधाचा. म्हणजे भिंतीवर रामन यांचं पोस्टर आणि स्टेजवर त्यांच्याच दारात अडवलेल्या मुलीची गोष्ट, आणि या दोन्हीत काही विसंगती आहे हे आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नाही. जिद्दीची कथा म्हणून सांगितली की सगळा भार त्या मुलीवर येतो. तिने काय केलं, किती सोसलं. खुर्चीत बसलेल्या माणसाने काय केलं, हा प्रश्न विचारलाच जात नाही. नेतृत्वाबद्दल बोलायचं असेल तर तोच प्रश्न आधी यायला हवा ना?

इथे संशोधनाच्या तयारीत असलेल्यांसाठी एक छोटं विषयांतर. हा प्रसंग आपल्यापर्यंत आला तो मुख्यतः कमलाबाईंनी उतारवयात सांगितलेल्या आठवणींतून. म्हणून त्यातले संवाद वेगवेगळ्या लेखांत वेगवेगळे सापडतात. मी संवाद दिले नाहीत ते यासाठी. दुसरं, त्यांच्या नावामागे 'विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री' असं सर्रास लावतात. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना मिशिगन विद्यापीठाची डीएस्सी १९३१ मध्येच मिळाली होती. 'पहिली', 'पहिला', 'एकमेव' हे शब्द सिनॉप्सिसमध्ये लिहिण्याआधी दहा वेळा तपासा. मुलाखतीत नेमका तिथेच पाय घसरतो.

आता रामन यांच्याकडे येऊ. त्यांना खलनायक करून मोकळं होणं सोपं आहे, पण त्यातून काही शिकता येत नाही. हा माणूस खरोखर संस्था उभारणारा होता. बंगळूरला भौतिकशास्त्राचा विभाग त्यांनीच १९३३ मध्ये सुरू केला. १९३४ मध्ये इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसची स्थापना केली, तिचं नियतकालिक चालू केलं, भारतीयांना आपले शोधनिबंध छापायला इंग्लंडकडे बघत बसायला नको म्हणून. हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडावं लागलेल्या ज्यू शास्त्रज्ञांना भारतात आणता येईल हे त्यांना दिसलं होतं. त्यांच्याच बोलावण्यावरून माक्स बॉर्न १९३५-३६ च्या हिवाळ्यात बंगळूरला काही महिने होते, आणि त्यांना कायम ठेवून घेण्याची रामन यांची धडपड होती. ती जमली असती तर आपल्याकडच्या सैद्धांतिक भौतिकशास्त्राचा इतिहास वेगळा लिहावा लागला असता.

जमली नाही, कारण संस्थेतच विरोध पेटला. इंग्रज प्राध्यापकांना हा भारतीय संचालक खुपत होता, हे खरं. पण भौतिकशास्त्राला झुकतं माप मिळतं, इतर विभागांना विश्वासात घेतलं जात नाही, ही तक्रारही होतीच. १९३६ मध्ये सर जेम्स आयर्विन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली आणि १९३७ मध्ये रामन यांना संचालकपद सोडावं लागलं. प्राध्यापक म्हणून ते तिथेच १९४८ पर्यंत राहिले. ज्याला स्वतःला गोऱ्या सहकाऱ्यांच्या आढ्यतेचा त्रास झाला, त्याच माणसाला आपण दुसऱ्या कुणाला दाराबाहेर ठेवतोय हे दिसू नये, याचं मला फार आश्चर्य वाटत नाही. आपल्यावरचा अन्याय ओळखता आला म्हणजे आपण करत असलेला ओळखता येतो, असं कुठे असतं?

मग कमलाबाईंना घडवलं कुणी? त्या वर्षभरात संचालकांनी नाही. घडवलं एम. श्रीनिवासय्या या शिक्षकाने. कडक माणूस, कामाच्या बाबतीत सवलत नाही, पण शिकवायची मनापासून हौस. दूध, डाळी, कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर कमलाबाईंनी काम केलं. आपल्या लोकांच्या ताटाशी थेट संबंध असलेला विषय, आणि तो त्यांनी पुढे जन्मभर सोडला नाही. वर्ष संपल्यावर रामन यांचं समाधान झालं, नोंदणी नियमित झाली, आणि त्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३६ मध्ये एमएस्सी पूर्ण.

पुढे केंब्रिज. फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स, जीवनसत्त्वांच्या शोधासाठी १९२९ चं नोबेल, म्हणजे मान रामन यांच्याच तोडीचा. त्यांच्या विभागात त्या काळातल्या इतर कुठल्याही ठिकाणापेक्षा स्त्री संशोधक बऱ्याच जास्त होत्या. मार्जरी स्टीफन्सन तिथल्याच. १९४५ मध्ये रॉयल सोसायटीने पहिल्यांदा दोन स्त्रियांना फेलो करून घेतलं, त्यातल्या त्या एक. कमलाबाई पोचल्या तेव्हा विभागात जागाच शिल्लक नव्हती. डेरेक रिश्टर नावाच्या एका संशोधकाने आपलं टेबल दिवसा त्यांना वापरायला दिलं. एवढंच. ना समिती, ना ठराव. नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या पेशींवर काम करताना, बटाट्यापासून सुरुवात करून, त्यांना 'सायटोक्रोम सी' हे श्वसनाला लागणारं प्रथिन वनस्पतींतही सापडलं. चौदा महिन्यांत काम आटोपलं आणि १९३९ मध्ये पीएचडी मिळाली. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा! (तीनशे पानांचे प्रबंध बांधून घेणाऱ्या आपल्या विद्यापीठांनी हे वाचू नये.)

केंब्रिज म्हणजे स्वर्ग होता असं समजू नका. तिथे स्त्रियांना पदवी मिळायची ती केवळ नावापुरती. विद्यापीठाचं पूर्ण सदस्यत्व आणि पुरुषांच्या बरोबरीची पदवी त्यांना १९४८ पासून मिळाली. म्हणजे विद्यापीठ बंगळूरपेक्षा फार पुढे होतं असं नाही. एका विभागाचा प्रमुख वेगळा होता, आणि त्याच्या वेगळेपणामुळे टेबल देणाऱ्यालाही ते देणं साहजिक वाटलं.

मला हे टेबल लागलं ते माझ्या स्वतःच्या अनुभवामुळे. एमएस्सीनंतर एका नावाजलेल्या संस्थेत मी उन्हाळी प्रोजेक्टला गेले होते. तीन आठवडे मला बसायला जागा नव्हती. सर परदेश दौऱ्यावर, त्यांच्या पेपरांची यादी भिंतीवर फ्रेम करून लावलेली. चौथ्या आठवड्यात चौथ्या वर्षाच्या एका ताईने आपला अर्धा ड्रॉवर रिकामा केला आणि म्हणाली, पिपेट इथे ठेव, नाहीतर कुणीतरी उचलेल. त्या प्रोजेक्टमधून मी जे काही शिकले ते तिच्याकडून. तिचं नाव कुठल्याही भिंतीवर नव्हतं.

रामन यांच्या लॅबचा पुढचा अध्यायही बघायला हवा. नंतरच्या वर्षांत त्यांनी काही मुलींना स्वतःच्या हाताखाली घेतलं. त्यात अण्णा मणी होत्या. १९४० ते ४५ या काळात हिरे आणि माणकांच्या वर्णपटांवर काम करून त्यांनी पाच शोधनिबंध लिहिले. तासन्‌तास फोटोग्राफिक प्लेटा उघड्या ठेवायच्या, रात्री लॅबमध्येच काढायच्या. मुलामुलींनी एकमेकांशी बोलणं सरांना खपत नसे, त्यामुळे शेजारच्या टेबलावर कुणाशी चर्चा करण्याची सोय नाही. आणि चर्चेशिवाय संशोधन किती अवघड असतं हे तुम्हाला पहिल्याच सेमिस्टरला कळेल. प्रबंध तयार झाला तेव्हा मद्रास विद्यापीठाने तो नाकारला. कारण? एमएस्सी नाही. नोबेलविजेता गाइड असून पदवी नाही ती नाहीच.

अण्णा मणी इंग्लंडला गेल्या, हवामानाची उपकरणं शिकून आल्या आणि १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. शिवाजीनगरला सिमला ऑफिसवरून तुम्ही शंभरदा गेला असाल. १९५३ च्या सुमारास त्यांच्या हाताखाली शंभरावर पुरुष काम करत होते आणि परदेशातून आयात होणारी उपकरणं देशात बनवण्याचं काम त्या चालवत होत्या. हवामान खात्यातल्या कामगिरीसाठी त्यांना डॉक्टरेटची गरज पडली नाही, हे सांगून रामन यांना सोडून देता येतं. मला तसं करावंसं वाटत नाही. आपल्या विद्यार्थिनीच्या कागदपत्रांत काय अडणार आहे, हे बघणं गाइडचं काम होतं.

कमलाबाई १९३९ मध्ये परतल्या. दिल्लीचं लेडी हार्डिंग कॉलेज, मग कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा. १९४७ मध्ये माधवराव सोहोनींशी लग्न झालं आणि त्या मुंबईला आल्या, इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या जीवरसायनशास्त्र विभागात. तिथे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नीरेवर काम केलं, राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून. आदिवासी भागांतल्या कुपोषित मुलांना आणि गरोदर बायांना परवडेल असं जीवनसत्त्वांचं, लोहाचं साधन म्हणून. संचालकपद मिळायला मात्र अंतर्गत राजकारणामुळे चार वर्षं उशीर झाला. केंब्रिजची पीएचडी, विभाग उभा केलेला, तरीही.

याच घरातली थोरली बहीण म्हणजे दुर्गा भागवत. डिसेंबर १९७५, आणीबाणी, कराडचं साहित्य संमेलन. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, केंद्रीय मंत्री. त्यांच्यासमोर अध्यक्ष दुर्गाबाईंनी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी सभेला प्रार्थनेला उभं केलं. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. नेतृत्व म्हटलं की आपल्याला कराडचं ते व्यासपीठ आठवतं, आणि आठवायलाच हवं. पण बंगळूरच्या कचेरीत हटून बसलेली एकवीस-बावीस वर्षांची मुलगी आणि कराडच्या व्यासपीठावरची पासष्टीची बाई या एकाच घरातून आल्या, हे मला जास्त विचार करायला लावतं. नारायणरावांनी मुलींना 'पुढारी' बनवण्याचं काही शिक्षण दिलं असेल असं वाटत नाही. मुलीला नकार आल्यावर त्यांनी 'जाऊ दे, मुंबईतच काहीतरी कर' म्हटलं नाही, एवढं नक्की.

तर, गाइड कसा निवडायचा? पेपर, पैसा, वर्षं बघाच. त्याबरोबर त्यांच्या लॅबमध्ये संध्याकाळी सहाच्या सुमारास जा. सगळ्यात नव्याने आलेल्या मुलाला किंवा मुलीला गाठा आणि विचारा: तुला बसायला जागा कधी मिळाली? उपकरणाचं बुकिंग कोण करतं? सरांशी शेवटचं बोलणं कधी झालं? नोंदणीचे कागद अडले तेव्हा विद्यापीठात कोण गेलं होतं?

कमलाबाईंचं शेवटचं सार्वजनिक दर्शन १९९८ चं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पहिल्या स्त्री महासंचालक डॉ. सत्यवती यांनी त्यांना दिल्लीला सत्कारासाठी बोलावलं होतं. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात गेल्या.