विदुषी बान चाओ

चीनमध्ये हान राजवटीत बान चाओ ही विदुषी होऊन गेली. चौदाव्या वर्षी विवाह, ऐन तारुण्यात वैधव्य! वडिलांनी आरंभिलेला हान घराण्याचा इतिहास तिचा भाऊ लिहीत होता, इ. स. ९२ मध्ये तो तुरुंगात वारला. सम्राटाने ते अपुरे काम तिच्यावर सोपविले. तिने ते नेटाने पुढे नेले. राजवाड्यातील स्त्रियांनाही ती शिकवी. तिची शिष्या देंग राणी हिने १०६ ते १२१ राज्यकारभार पाहिला.

मुलींसाठी तिने सात प्रकरणांचे पुस्तक लिहिले. पतीपुढे, सासूसासऱ्यांपुढे नमते घ्यावे, हा त्यातील उपदेश आज रुचणार नाही. परंतु मुलग्यांना शिकविता, मग मुलींना का नाही, हा सवालही त्यातच आहे. भगिनींनो, पुढच्या पिढ्यांनी उपदेश तेवढा उचलला. सवाल मात्र बाजूस ठेवला!